एका पायावर उभा असलेला नावाडी

प्रयोग संपतो, मी तोंडावरचा रंग पुसायला घेते आणि तेवढ्यात कोणीतरी विंगेत येऊन उभं राहतंच. "ताई, तुम्हाला हे सगळं सुचतं कुठून?" गेली तीस वर्षं मी एकटीच्या जिवावर दोन-दोन तास रंगमंच अडवून बसते. सासू होते, सून होते, तलाठी होते, वेळ पडली तर म्हैसही होते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच आला आहे. खरं उत्तर मी कधी देत नाही. परभणीला एकदा सांगितलं, की मला स्वप्नं पडतात. सोलापूरला म्हणाले, चालताना सुचतं, म्हणून मी रिक्षा करत नाही. आणि पाचच मिनिटांनी त्या गृहस्थांच्या देखत रिक्षात बसले. नाशिकच्या एका गंभीर बाईंनी वही उघडलेली पाहिली आणि माझ्यातला वात्रटपणा जागा झाला. मी सांगितलं, रोज सकाळी अनशापोटी कारल्याचा रस घेते. त्यांनी ते लिहून घेतलं. आजही कुठंतरी एखादी बाई माझ्या नावानं कडू तोंड करत असेल. खरं उत्तर द्यायचं तर लातूरच्या एका गल्लीतल्या हापशापासून सुरुवात करावी लागते, आणि कौसाबाईचं सगळं सांगावं लागतं. विंगेत तेवढा वेळ नसतो. इथं आहे.

माझा जन्म नांदेडचा, गंगेच्या कडेचा. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. आमचं घर आणि मामाचं घर एका भिंतीला भिंत लावून होतं, आणि दारातून निघून वीसेक पावलं गेलं की घाटाच्या पायऱ्या लागायच्या. पहाटे लांबून गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायचं, मग मालगाडीची शिट्टी, मग धुणं आपटल्याचा आवाज, आणि धुण्याच्या आवाजाबरोबर आईची हाक. या क्रमानं मला जाग यायची. पाणी ही काही आणायची गोष्ट असते, हे मला बाराव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. मग लातूर नवा जिल्हा झाला. तिथल्या नव्या कचेरीला कारकून हवे होते, आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बढतीच्या आशेनं स्वतः अर्ज करून तिकडं बदली मागून घेतली. अर्ज आपणच केला होता हे त्यांनी आईला सांगितलं नाही. ते तिला लातूरला गेल्यावर कळलं, आणि त्यानंतर ती त्यांना ते जन्मभर ऐकवत राहिली. ट्रकमध्ये सामान चढलं तेव्हा बुद्धाची तसबीर आईनं मांडीवर घेतली, शिलाई मशीन दादांनी पायात धरलं, आणि मी मागं तोंड करून बसले. नदी दिसेनाशी झाली तरी मी तशीच बसून होते. वाटेतलं लोहा गाव येईपर्यंत माझी मान आखडली.

लातूर तेव्हा नव्या नवरदेवासारखं मिरवून राहिलं होतं. बोलता बोलता लोक मध्येच "आता आपला जिल्हा" असं म्हणायचे. दुकानांच्या पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं रंगवलं होतं, पण रंगाऱ्यानं रंगात कंजुषी केली असावी, कारण ऊन चढलं की खालची जुनी अक्षरं वर यायची आणि एका दुकानाला दोन-दोन जिल्हे व्हायचे. कचेरीत साहेब आले होते, शिपाई आले होते, खुर्च्या यायच्या होत्या. जुन्या जिल्ह्यातून ट्रक भरभरून दप्तरं येत. ती तालुकावार वेगळी करायचं काम दादांकडं होतं, आणि पहिले दोन महिने ते त्याच गठ्ठ्यांवर बसून जेवायचे. संध्याकाळी घरी आले, की कोणाशी बोलायच्या आधी त्यांना शिंका यायच्या. बरोबर अकरा. आई मोजायची. एखाद्या दिवशी दहावरच थांबल्या तर ती चुलीपुढून म्हणायची, "एक कचेरीत राहिली वाटतं."

आणि पाऊस नव्हता. आम्ही गेलो त्याच्या आदल्या वर्षी झाला नव्हता, आम्ही गेलो त्या वर्षीही झाला नाही. आमच्या गल्लीत नळ होते, त्यांच्या तोट्यांना कोळ्यांनी जाळी लावली होती. भागवायचं ते सगळं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका हापशावर, आणि त्याचं पाणी असं मचूळ, की त्यात डाळ शिजायची नाही. आमच्या घरामागंच डाळमिल होती. दिवसभर तिची घरघर ऐकायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर तिची पिवळी भुकटी झटकायची, आणि जेवायला मात्र भाजक्या पिठाच्या येसराची आमटी, नाहीतर हुलग्याच्या पिठाचं माडगं. आई म्हणायची, "डाळीच्या गावाला आले अन् डाळीला महाग झाले." भाकरी आणि जवसाची चटणी तेवढी नांदेडसारखी लागायची. भाकरी खाताना मी डोळे मिटून घ्यायचे. आई विचारायची, "काय करून राहिलीस गं, झोपलीस का?" मी तेव्हा घाटावर असायचे.

हापशाच्या रांगेला स्वतःचे कायदे होते. रांग माणसांची नसायची, भांड्यांची असायची. घागर घरी लागत असेल तर तिच्या जागी दुसरं काही ठेवायचं, आणि त्या वस्तूला पूर्ण माणसाचा मान असायचा. शांताकाकूंची फुटकी चप्पल ही शांताकाकूच. तिला ओलांडून कोणी पुढं गेलं, तर काकूंना ओलांडल्याइतकं भांडण व्हायचं. हापसायचं ज्याचं त्यानं. शंभर दांडे मारावेत तेव्हा एक घागर. मी पहिल्या दिवशी तिसाव्या दांड्याला खाली बसले. शांताकाकू, ज्यांची जीभ त्या गल्लीत सगळ्यात लांब होती, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय गं, नांदेडला दांडा मारत न्हाईत वाटतं?" मला राग आला. मी म्हणाले, "आमच्याकडं गंगा हाय. घागर नुसती दाखवायची, ती स्वतःहून भरती." बायका हसल्या. एक म्हणाली, "मग आणायची व्हती की संगं, ट्रकमधी घालून." मी म्हणाले, "मोठी हाय. मावली न्हाई."

त्या दिवसापासून मी नांदेडवाली झाले. रांगेत कोणीतरी म्हणायचं, "सांग गं, तुझ्या गंगेचं सांग," आणि मी हापशाच्या ओट्यावर चढून सांगायचे. सुरुवातीला खरं सांगितलं. ते तीन दिवसांत संपलं. खऱ्या नदीत रोज काही होत नसतं. चौथ्या दिवशी मी एक मासा सांगितला, तो पाचव्या दिवशी म्हशीएवढा झाला. मग एक वरात आली, जी वाळूतून चालत असताना पाणी वाढलं आणि बँडवाले कर्णे वर धरून वाजवतच पलीकडं गेले. मला आठवतं, त्या वरातीला मी शेवट शोधत होते, आणि माझ्या लक्षात आलं, की माझी घागर भरते आहे. शांताकाकूच दांडा मारत होत्या. गोष्ट मध्ये तुटू नये म्हणून. पुढं तो रिवाजच पडला. मी बोलायचं, ज्याची पाळी असेल त्यानं आधी माझी घागर भरायची. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं मानधन. नंतरची पुष्कळ मिळाली, त्यातली बरीचशी या घागरीपेक्षा हलकी होती.

तरी ती सगळी लबाडी नव्हती, हे मला आज सांगावंसं वाटतं. मला नांदेड फार हवं होतं. इतकं, की ते नुसतं आठवून पुरत नव्हतं. आठवणीतली नदी रोज थोडी कमी व्हायची, म्हणून मी तिच्यात रोज थोडं पाणी घालायचे.

कौसाबाई त्याच रांगेत असायची. पन्नाशीची, उंच, डाळमिलमध्ये पाखडायला जायची. अहमदपूरकडच्या खेड्यात त्यांची शेती होती. दुष्काळात ती पडीक टाकून नवरा-बायको लातूरला आली होती. ती कमी बोलायची, आणि बोलली तर एकाच विषयावर. "माझा बालाजी पुण्याला कंपनीत हाय." हे ती रांगेत मान वर करून सांगायची. तिच्या घागरीतला एक थेंब कधी सांडलेला कोणी पाहिला नव्हता. सुटीच्या दिवशी ती आमच्याकडं ज्वारी निवडू लागायला यायची. पहिल्या दिवशी आईनं चहा पुढं केला, तेव्हा ती म्हणाली, "नगं ताई, पित न्हाई मी." दुसऱ्या वेळीही तेच. आईला कारण ठाऊक होतं, मलाही होतं. खेड्यात तिच्या घरचं कोणी आमच्या घरी पाणी प्यालं नसतं. तिसऱ्या वेळी आईनं विचारलंच नाही, स्वतःपुरता चहा केला. कौसाबाईनं वासावर थोडा वेळ काढला आणि म्हणाली, "हाय का उरल्याला?" त्यानंतर ती दर वेळी दोन कप प्यायची.

एका दुपारी ती आईशी हळू आवाजात बोलत होती. मी दारामागं बसून गणितं करत होते, म्हणजे करत नव्हते. बालाजी पुण्याला नव्हताच. दहावीत दुसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा बापानं पाहुण्यांच्या देखत त्याला पायताणानं मारलं, आणि त्याच पावली तो घरातून निघून गेला. तीन वर्षं झाली होती. कुठं आहे, काही पत्ता नव्हता. "लई येगळं लेकरू व्हतं ताई," कौसाबाई सांगत होती. "एका पायावर उभं राहायचं, बगळ्यावानी. एक पाय गुडघ्याला टेकवून. गुरं राखतानी तसंच, अन् दारात भाकर खातानी बी तसंच. मी म्हणायचे, बाल्या, नीट उभा राहा, तर नुसता हसायचा." मग सुपातले खडे तेवढे वाजत राहिले. मी माझ्या गणिताकडं वळले. मला वाटलं, मी ते ऐकून विसरले.

दीड-दोन महिन्यांनी, उन्हाळा तोंडावर आला असताना, माझ्याकडच्या गोष्टी आटत आल्या होत्या. मासा दोनदा सांगून झाला होता. एक दिवस ओट्यावर चढले तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं, आणि मी तोंड उघडलं तर त्यातून एक नावाडी बाहेर आला. तरणा, काळासावळा, नावेच्या टोकाला एका पायावर उभा. दुसरा पाय गुडघ्याला टेकवलेला, हातात लांब बांबू, आणि कितीही लाटा आल्या तरी तो हलत नाही. बायकांना तो फार आवडला. मलाही. माझ्या अंगावर काटा आला होता. मला वाटलं, हा मला सुचला. आपल्यात काहीतरी आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा मला त्या ओट्यावर वाटलं, आणि मी तसाच पाय गुडघ्याला लावून उभी राहून दाखवलं.

दांड्याचा आवाज थांबला. कौसाबाईची पाळी होती.

"हापसा की बाई," शांताकाकू म्हणाल्या. "थकला का?"

कौसाबाईनं पुन्हा दांडा धरला. संध्याकाळी मी दळण घेऊन येत होते, तर ती गिरणीच्या कोपऱ्यावर उभी होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, त्यो नावाडी. तू बघितला का खरंच?"

आता मी त्या जागी स्वतःला पुष्कळदा उभं करून पाहिलं आहे. एक शब्द पुरला असता. पण तिचे डोळे माझ्यावर असे लागले होते, जसे आजवर कोणाचेच लागले नव्हते. शांताकाकू हसायच्या, बाकीच्या मान डोलवायच्या, पण असं कोणी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "हाव, बघितला की."

"काळासावळा?"

"हाव."

"डाव्या भुवईत खूण?"

मी एक क्षण थांबले. खोटं जुळवायला नाही, ते आपोआप जुळत होतं. मी फक्त परिणामासाठी थांबले. "हाय. भुवई मधी तुटल्यासारखी हाय."

"बोलतो कमी?"

"नुसता हसतो," मी म्हणाले.

तिनं माझ्या डोक्यावरचा दळणाचा डबा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि घरापर्यंत आणून दिला. रस्ताभर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. ते दारामागचं ऐकलेलं तेव्हा कुठं, घराच्या उंबऱ्याशी, माझ्या आठवणीत परत आलं. मी भाकरी न खाता झोपले. आईला वाटलं, उन्हाचं झालं.

शाळेला सुटी लागली, की आई आणि मी मामाकडं जाणार होतो. कौसाबाईनं आईला विचारलं, मी बी येऊ का संगं, गंगा बघायची हाय एकदा. खरं कारण तिनं आईला सांगितलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नसावं. आईला आनंदच झाला. एसटीत कौसाबाई खिडकीशी बसली. मांडीवर एक गाठोडं, त्यात धपाटे, दह्याचा गडू आणि एक नवा सदरा. सदरा तिनं मला उलगडून दाखवला. आईनं आमच्याच मशीनवर शिवून दिला होता, माप विचारलं तेव्हा कौसाबाईनं हवेत दोन हात धरून दाखवलं होतं. "तीन वर्सांत वाढला असंल," ती मला हळूच म्हणाली. "म्हणून ऐसपैस शिवला."

लोह्याला गाडी थांबली. आई पाणी शोधायला उतरली. मी मनाशी ठरवलेलं, इथं सांगायचं. म्हणाले, "मावशी, त्यो नावाडी आता तिथं नसला तर?"

"नसंल तर थांबू," ती म्हणाली. "तुझ्या मामाच्या वसरीत दोन दिस पडून राहीन. मला काय लागतंय."

"पर मावशी…"

"घे, धपाटं खा. तोंड सुकलंय तुझं."

मी धपाटं खाल्लं. याची मला अजून लाज वाटते, कारण ते चांगलं लागलं.

नांदेडला उतरल्यावर मी पळत घाटाकडं जावं असं सारखं मनात यायचं, ते स्वप्न मी वर्षभर पाहिलं होतं. प्रत्यक्षात मी सगळ्यात मागं राहिले. मामीशी बोलायला आई घरात थांबली, आणि कौसाबाई माझं मनगट धरून पायऱ्या उतरायला लागली. खाली नदी नव्हती. म्हणजे होती, मधोमध, एखादं धोतर वाळत घातल्यासारखी. बाकी सगळी वाळू, तिच्यात शेवाळाचे वाळलेले पापुद्रे. तीन नावा काठावर पालथ्या घातल्या होत्या आणि एकीच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं. दुसरीच्या सावलीत एक म्हातारा जाळं विणत होता. मी सांगितलेल्या म्हशीएवढ्या माशाला तिथं अंग बुडवायलाही जागा नव्हती.

कौसाबाईनं सगळीकडं पाहिलं. मग म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, इथं एक तरणा नावाडी हाय ना? काळासावळा. डाव्या भुवईत खूण हाय."

"बाई, पाणीच न्हाई तं नावाडी कुठला?" म्हातारा म्हणाला. "मीच आहे एकटा. दोघं होते ते विष्णुपुरीला धरणाच्या कामावर गेले. त्यांचीबी नातवंडं झालीत."

"एका पायावर उभा राहतो बघा."

म्हाताऱ्यानं जाळं खाली ठेवलं आणि हसला, वाईट मनानं नाही. "एका पायावर? नावंत? पडंल की माय, बुडंल. असं कोणी करतंय होय?"

ती माझ्याकडं वळली. मी तिला सगळं सांगितलं. फार काही नव्हतंच सांगण्यासारखं. म्हणाले, नावाडी नाही, मी केला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "मग एका पायाचं तुला कसं कळलं?"

"दारामागं होते मी. तुम्ही आईला सांगून राहिला होता तव्हा."

"अन् भुवईचं?"

"भुवईचं तुम्हीच सांगितलं. मी हाव म्हणलं."

ती वाळूतून चालत त्या पाण्याच्या पट्ट्यापर्यंत गेली, पाय धुतले, आणि तिथंच बसली. मी वरच्या पायरीवर. किती वेळ ते आठवत नाही. एवढं आठवतं, की नावेखालचं कुत्रं उठून सावलीबरोबर दोनदा सरकलं. परत येताना तिनं धपाट्यांची चवड म्हाताऱ्याच्या हातात दिली. सदरा पुन्हा घडी घालून गाठोड्यात ठेवला. घरी आईला तिनं काहीच सांगितलं नाही. मीच रडत सांगितलं, आणि आईनं मामा-मामीच्या देखत माझ्या दोन्ही गालांवर दिल्या. कौसाबाई मध्ये पडली. "पाव्हण्यांच्या देखत लेकराला मारू नका ताई," ती म्हणाली. "म्या बघितलंय त्याचं काय होतंय." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती एकटी लातूरला निघून गेली.

सुटी संपवून आम्ही परतलो, तेव्हा मी रांगेत घागर ठेवली आणि माझे शंभर दांडे मीच मारायला लागले. हाताला फोड आले. बायका रोज विचारायच्या, मी रोज काहीतरी कारण सांगायचे. गणित, डोकेदुखी, घसा. आठ-दहा दिवसांनी शांताकाकूंचा धीर सुटला. "काय गं नांदेडवाली," त्या म्हणाल्या, "तिकडंबी आटली का तुझी गंगा?"

मी दांडा मारत राहिले. माझ्यामागं दोन घागरी सोडून कौसाबाई होती. तिनं मला ओलांडलं, म्हणजे माझ्या घागरीला ओलांडलं, दांडा माझ्या हातातून घेतला आणि माझी घागर भरायला लागली. "आटंल कशी," ती म्हणाली. "सांग गं. त्या नावाड्याचं सांग."

मी तिच्याकडं पाहिलं. "मावशी, त्यो…"

"त्यो कोण हाय ते मला म्हाईत हाय. तू सांग."

बायका ओट्याभोवती सरकल्या. मी वर चढले. पहिल्यांदा मनात आलं, त्याला घरी आणावं. मोठ्या नोकरीवर असलेला, हातात मिठाईचा पुडा. ते सगळ्यांना आवडलं असतं आणि कौसाबाईला पुरतं कळलं असतं, की मी पुन्हा तेच करते आहे. दुसरं काही सुचेना. दांड्याचा आवाज येत राहिला. मग मी, त्या नावाड्याला जन्माला घातल्यापासून प्रथमच, त्याच्याकडं नीट बघितलं, आणि स्वतःला विचारलं, की हा असा उभा का राहतो. इतके दिवस मी हे विचारलंच नव्हतं. तो मला नुसता छान दिसत होता.

"गंगेला पाणी कमी झालंय," मी सांगायला लागले, आणि हे खरं होतं म्हणून आवाज जरा सुधारला. "नावा पालथ्या घातल्यात. त्यो तरी टोकावर उभाच हाय, एका पायावर. एक म्हातारा त्याला म्हणला, अरे, दुसरा पाय टेकव की, पडशील, बुडशील. तर त्यो म्हणला, न्हाई बाबा. नावंत पाणी असतंय. एक पाय भिजला तर भिजला, दुसरा कोरडा ठिवावा लागतो. म्हातारा म्हणला, कशाला? त्यो म्हणला, मला कव्हातरी घरी जायचंय. ओल्या पायानं घरात गेलं, की माय रागावती."

बायका हसल्या. शांताकाकू म्हणाल्या, "बरुबर हाय. मी तर हाणतेच." कौसाबाई हसली नाही. ती दांडा मारत राहिली. घागर भरली, काठोकाठ आली, पाणी वरून वाहायला लागलं, ओट्यावरून उतरून धुळीत गेलं, आणि तिचा हात थांबेना. "अगं बाई, भरली की," कोणीतरी ओरडलं, "पाणी चाललंय वाया."

ती थांबली. पदरानं तोंड पुसलं. आम्ही आणखी दोन वर्षं त्या गल्लीत होतो, मग दादांची पुन्हा बदली झाली. तोवर बालाजी आला नव्हता. पुढचं मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी इथं तरी रचणार नाही. त्या दिवशी तिनं माझी घागर उचलून माझ्या कमरेवर दिली, आणि सगळ्यांच्या देखत, रोजच्या आवाजात म्हणाली, "त्याला म्हणावं, ओल्या पायानं आला तरी चालंल."

रांग पुन्हा हसली. मी हाव म्हणाले.